पांझरेची वाळू आणि आमच्या अकरा विहिरी : प्रकल्प नोंदी

४ मे

आखाजी (अक्षय्य तृतीया) झाली, झाडांवरचे झोके उतरले. लोक आता जरा निवांत सापडतात, म्हणून आजपासून मोजणी सुरू केली. अकरावीतली पाच पोरं आणि मी. प्रश्न साधा आहे: पांझरा नदी आमच्या विहिरींना पाणी देते म्हणतात, ते कधी देते, कुठून देते आणि कोणत्या विहिरीला देते?

गाव पांझरेच्या काठावर, धुळ्याच्या खाली आणि बेटावदच्या वर. नदी साक्री तालुक्यात पिंपळनेरच्या डोंगरात उगवते, धुळे ओलांडून उत्तरेला वळते आणि मुडावदला कपिलेश्वराच्या पायाशी तापीला मिळते. पाऊस वर्षाकाठी सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही मोजक्या दिवसांत पडून मोकळा होतो. जानेवारीनंतर पात्रात नुसती वाळू असते.

हत्यारं अशी: शंभर फुटी टेप, टोकाला बांधलेला जड नट, खडू, टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा; आकडा जास्त तितकं पाणी क्षारट) आणि दोनशे पानी वही. टेपच्या शेवटच्या तीन-चार फुटांना खडू चोळायचा, टेप विहिरीत सोडायची आणि वर ओढून खडू कुठवर भिजला ते बघायचं. पाणी डोळ्यांनी दिसत नसलं तरी बोटभराचा फरक कळतो. पोरांना ही युक्ती फार आवडली.

अकरा विहिरींना नंबर दिले. चार नंबर नदीच्या अगदी थडीला, काठापासून साठ मीटरवर. नऊ नंबर सातशे मीटर आत. अकरा नंबर पार माळावर, मुरमात, नदीशी काही संबंध नसलेली. ती मुद्दाम घेतली. चारमध्ये पाणी ३८ फुटांवर, नऊमध्ये ५१ फुटांवर.

९ मे

अक्कलपाडा धरणातून पिण्याच्या पाण्याचं आवर्तन सुटलंय. सकाळी सहाला पाण्याचं तोंड आमच्या शिवेवर येईल असा वरून निरोप होता. आलं साडेअकराला.

असं पाणी मी लहानपणापासून पाहत आलेय, पण आज पहिल्यांदा त्याच्या बरोबरीने चालले. पुढची कडा जेमतेम तीन बोटं उंच. तिच्यावर काटक्या, वाळका पाला, मळकट फेस. ती सरळ पुढे येत नाही. वाळूतल्या एखाद्या खळग्यात शिरते, तिथे भरते, थबकते, मग काठावरून ओघळून पुढच्या खळग्यात उतरते. भिजणाऱ्या वाळूतून बुडबुडे येत होते आणि कान देऊन ऐकलं तर बारीक फसफस ऐकू येत होती. कोरड्या वाळूच्या कणांमधली हवा पाण्याला जागा करून देत होती. आम्ही कडेशी एक काठी रोवली. काठीपासून पुढची चाळीस पावलं जायला पाण्याला अकरा मिनिटं लागली. पाणी मागून वाहत येतच होतं, मग ते जात कुठे होतं? खाली.

वरच्या अंगाची माणसं पाणी चोरतात म्हणून खालच्या गावांची दरवर्षी भांडणं होतात. थोडी मोटर लागत असेलही. पण तीन महिने तापलेल्या पात्रावर पाणी सोडलं की पहिला हक्क वाळूचा. तिचं पोट ओलं झाल्याशिवाय पाणी पुढे सरकत नाही. अमेरिकेत ॲरिझोनाच्या कोरड्या भागात वॉलनट गल्च नावाचं एक लहान खोरं आहे. तिथे १९५०च्या दशकापासून याच गोष्टीची मोजमापं चालू आहेत. पूर वरच्या मापकावर मोठा दिसतो, खालच्या मापकावर पोचेपर्यंत आटलेला असतो, कारण मधली वाळू तो पिते. कोरड्या मुलखात शेतात पडलेला पाऊस बहुतेक वरच्या मातीतच अडकतो, ऊन आणि पिकाची मुळं तो परत ओढून घेतात. खोल जमिनीला पाणी मिळतं ते मुख्यतः ओढ्या-नद्यांच्या तळातून.

आप्पा (नऊ नंबरचे मालक, वय ऐंशीच्या पुढे) काठावर बसून सगळं बघत होते. मी म्हटलं, आप्पा, एवढं पाणी सोडलं, गावापर्यंत यायला दुपार झाली. ते म्हणाले, "पानी पोटमा गयं माय, वाया नही गयं."

१० मे

चार नंबर: ३८ फूट. नऊ नंबर: ५१ फूट. काहीच हललं नाही. पोरं हिरमुसली.

२४ मे

पात्रात दोन खड्डे घेतले. पहिला मोकळ्या प्रवाहाच्या जागी, दुसरा कोल्हापुरी बंधाऱ्याच्या (फळ्या बसवून पाणी अडवायचं, काढून सोडायचं असा बंधारा) वर, जिथे मागल्या वर्षी जानेवारीपर्यंत पाणी तुंबलं होतं.

पहिल्या खड्ड्यात वरपासून छातीपर्यंत वाळूच वाळू. हातभर खाली गेल्यावर ती गार लागली आणि मुठीत धरली तर आकार धरू लागली. म्हणजे वर बेचाळीस अंशांचं ऊन असलं तरी हातभर वाळूखालचं पाणी सूर्याच्या फारसं हाती लागत नाही. उघड्या तलावापेक्षा वाळूतलं पाणी जास्त टिकतं ते यामुळे.

दुसऱ्या खड्ड्यात वरच दोन बोटं जाडीची काळसर पपडी, चिनीमातीसारखी गुळगुळीत, भेगा पडून कडा वर वळलेली. तिच्याखाली तशीच स्वच्छ वाळू.

मग डब्याचा प्रयोग. तेलाचा पंधरा किलोचा डबा दोन्हीकडून कापून चौकोनी नळकांडं केलं, चार बोटं वाळूत ठोकून बसवलं आणि दहा लिटर पाणी ओतलं. मोकळ्या वाळूत ते तीन मिनिटांत दिसेनासं झालं. पपडीवर तासाभराने निम्म्याहून जास्त पाणी तसंच उभं. आम्ही पपडीचा तेवढाच तुकडा खुरप्याने उचलून तिथेच परत डबा ठोकला: चार मिनिटं.

हे आजचं सगळ्यात मोठं काम झालं. बंधारा भरलेला दिसतो म्हणून आपण समाधान मानतो. त्याच्या तळाला दोन बोटं गाळाची कातडी असेल तर ते पाणी उन्हात उडण्याची वाट बघत नुसतं पडून राहतं.

२ जून

रात्री पात्रात पुन्हा वाळू नेणारे ट्रॅक्टर. सकाळी चाकोऱ्या मोजल्या, सहा खेपा असाव्यात.

फळ्यावर गणित मांडलं. एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट, म्हणजे २.८३ घनमीटर. नदीच्या वाळूत पाणी निथळून मिळेल अशी पोकळी शंभरात पंधरा भाग धरली तर एका ब्रासमध्ये सव्वाचारशे लिटर पाणी मावतं. तेवढ्याच आकाराच्या झिजलेल्या काळ्या खडकात दोनच भाग धरतात, म्हणजे सत्तावन्न लिटर. आमच्या हद्दीतलं पात्र एक किलोमीटर लांब, दीडशे मीटर रुंद. त्यात तीन मीटर वाळू असेल तर पावणेसात कोटी लिटर पाण्याचं कोठार झालं. तेही दर पुराला नव्याने भरणारं, आच्छादलेलं, एक रुपयाही खर्च न करता मिळालेलं. ट्रॉली भरून जाते तेव्हा वाळू जाते असं आपण म्हणतो. खरं तर दर पावसाळ्यात सव्वाचारशे लिटर साठवणारी टाकीच जाते, आणि ती परत येत नाही, कारण वर धरण झाल्यापासून वरून वाळूही पूर्वीसारखी येत नाही.

याबद्दल मला गावात बोलायला भीती वाटते. तरी पोरांनी हे गणित शाळेच्या भिंतीवर लिहिलंय. राहू दे.

१९ जून

पहिला पूर. चहासारखं पाणी, वरची सगळी घाण आणि प्लास्टिक घेऊन आलेलं. बाटलीत भरून ठेवलं. संध्याकाळपर्यंत तळाला करंगळीएवढा गाळ बसला. बंधाऱ्याच्या फळ्या काढलेल्याच होत्या, त्यामुळे सगळं पुढे निघून गेलं. जाता जाता वरची जुनी पपडीही बरीच खरवडून गेली.

३ जुलै

पाऊस नाही. पेरलेला कापूस तग धरून. मोजणी नेहमीची, विशेष काही नाही.

२२ जुलै

चूक झाली ती लिहून ठेवते. सात नंबर एकदम पाच फूट खाली गेलेली दिसली आणि आम्ही दोन दिवस कारणं शोधत बसलो. शेजारच्या बोअरची मोटर रात्रभर चालू होती, एवढंच. यापुढे मोजायच्या आधी आजूबाजूच्या मोटरी किती वेळ बंद होत्या हे विचारून वहीत लिहायचं.

४ ऑगस्ट

कानबाईचं विसर्जन. नदीला कमरेएवढं पाणी, बायका डोक्यावर कानबाई घेऊन उतरत होत्या. पावसाने या आठवड्यात चांगली झड लावली.

सकाळीच मोजणी करून घेतली होती. चार नंबर, जी नदीला खेटून आहे, तिथे पाणी सव्वादोन फूट वर. नऊ नंबर, सातशे मीटर आतली, साडेअकरा फूट वर! तीनदा टेप सोडली. तिन्ही वेळा तेच.

टीडीएस त्याहून बोलका. नदीच्या पाण्याचा २१०. नऊ नंबरचा मे महिन्यात ८६० होता, आज ५२०. चार नंबर ९१० वरून ८९०, म्हणजे जवळपास तिथेच. माळावरची अकरा नंबर पावसाने थोडी वर आली पण टीडीएस जेमतेम उतरला. ताजं पाणी नदीतून गेलंय यात शंका नाही. पण जवळच्या विहिरीला वगळून लांबच्या विहिरीत कसं गेलं?

११ ऑगस्ट

उत्तर आप्पांकडे होतं आणि आम्ही तीन महिने विचारलं नाही.

नऊ नंबरच्या काठावर बसलो होतो. मी कोडं सांगितलं. ते म्हणाले, "मना आजा सांगे, पहिले नदी आठे व्हती." (पूर्वी नदी इथे होती.) मग काठीने दाखवलं: त्यांच्या शेतातून, खळ्याच्या मागून, वडाच्या खालून एक उथळ लवण, म्हणजे सखल पट्टा, जातं. पावसाळ्यात तिथे पाणी साचतं म्हणून त्यात कधी कोणी घर बांधलं नाही.

दोर बांधून विहिरीत उतरलो (आप्पांचा नातू आणि मी, बाकीच्यांना वर थांबवलं). वरून वीसेक फूट काळी आणि पोयटा. त्याखाली वाळू, आणि वाळूत गोटे. मुठीएवढे, अंड्यासारखे घोटलेले, एकमेकांना टेकून बसलेले. डोंगरातला धोंडा कितीतरी मैल गडगडत आल्याशिवाय असा गुळगुळीत होत नाही. विहिरीच्या पोटात, आजच्या पात्रापासून सातशे मीटरवर, नदीचा तळ उघडा दिसत होता. एका गोट्यावर तळहात ठेवला तर मागून पाण्याची बारीक धार बोटांमधून येत होती, गार.

मग चार नंबरमध्ये डोकावलो. तिच्या नदीकडच्या भिंतीला पिवळ्या चिकण मातीचा थर, वरपासून पाण्यापर्यंत. पाणी एका बाजूला, विहीर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ही भिंत. तापीच्या गाळाच्या पट्ट्यात ही पिवळी माती ठिकठिकाणी आहे. शिरपूर तालुक्यात भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी २००४ पासून नाले रुंद आणि खोल केले त्यामागेही असाच विचार होता: वरचा न झिरपणारा थर फोडून पाण्याला खालच्या झिरपणाऱ्या थराची वाट मोकळी करून द्यायची. ते काम म्हणजे नुसतं खोदणं समजून जिथे तिथे पोकलेन लावणारे लोक पाहिले की वाईट वाटतं. आधी खाली काय आहे ते बघितलं पाहिजे. आमच्या गावात एका बाजूला खोदून फायदा आहे, दुसऱ्या बाजूला जुन्या नदीचं तोंड राखलं तरी पुरे.

ते तोंड कुठे आहे? बहुतेक बंधाऱ्याच्या वरच्या वळणावर. उद्या बघायचं.

१२ ऑगस्ट

वळणावरच आहे. काठ खचलेल्या जागी तेच गोटे, तीच वाळू, नदीच्या पातळीला.

३० ऑगस्ट

वर्गात नदी आणि विहिरीचं नातं समजावताना पोरांना हे सगळ्यात अवघड गेलं, म्हणून इथे नीट लिहिते.

विहिरीतलं पाणी नदीतल्या पाण्यापेक्षा (नदी कोरडी असेल तर तिच्या तळापेक्षा) उंच असेल तर जमीन नदीला पाणी देते. पूर्वी पांझरा हिवाळाभर वाहायची ती या पाण्यावर. ते खाली असेल तर नदी जमिनीला पाणी देते. बोअर वाढले, पातळी खाली गेली, तशी आमची नदी देणारी झाली. मग पातळी अजून खाली गेली तर नदी अजून जास्त देईल का? एका हद्दीपर्यंतच. नदीचा तळ आणि खालचं पाणी यांच्यामध्ये एकदा कोरडा थर पडला, दोघांचा हात सुटला, की खाली कितीही उपसा केला तरी वरून झिरपण्याचा वेग वाढत नाही. तो मग वाळू, गाळ आणि पाणी किती दिवस उभं राहतं यावर ठरतो. उपशाला हद्द आहे ती इथे. पाण्याचा उपसा वाढवून नदीकडून जास्त वसूल करता येत नाही.

पोरांतल्या एकीने विचारलं, मग पूर मोठा चांगला की लांबलेला? लांबलेला. रात्रीत येऊन गेलेल्या दहा फुटी पुरापेक्षा गुडघाभर पाणी महिनाभर वाहिलं तर विहिरींचं जास्त भलं होतं. मोठ्या पुराचं काठात घुसलेलं पाणी बरंचसं पूर ओसरताच परत नदीत येतं.

२८ सप्टेंबर

ग्रामसभेत बंधाऱ्याच्या फळ्यांचा विषय निघाला. मागल्या वर्षी पाऊस दडी मारेल या भीतीने ऑगस्टमध्येच फळ्या बसवल्या होत्या. मीही हात वर केला होता. नंतर दोन गढूळ पूर आले आणि सगळा गाळ मागे बसला. पाणी जानेवारीपर्यंत दिसत राहिलं, विहिरी मात्र दिवाळीतच उतरायला लागल्या. ती पपडी आम्ही मे महिन्यात पाहिली.

या वेळी बोलायला उभी राहिले. डबा सोबत नेला होता. सभेसमोर प्रयोग करता आला नाही, पण पपडीचा तुकडा हातोहात फिरला. एक काका म्हणाले, "ताई, आत्ता पाणी सोडून दिलं आणि परतीचा पाऊस आलाच नाही तर?" ही भीती खोटी नाही. माझ्याकडे त्याला पक्कं उत्तर नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: रोज सकाळी स्टीलची ताटली पाण्यात धरायची. कोपरापर्यंत हात बुडवूनही ताटली दिसली की त्याच दिवशी फळ्या बसवायच्या. कॅलेंडर बघायचं नाही.

जुन्या फडाच्या बंधाऱ्यांवर (बंधाऱ्याचं पाणी पाटाने नेऊन गावाने मिळून वाटून घ्यायची पद्धत) पाटकरी असायचा, पाणी वळवण्याचं काम त्याच्याकडे असायचं. पांझरेवर ही फड पद्धत काही शतकं चालली. त्यांच्या मातीच्या पाटांतूनही विहिरींना झिरपा मिळायचा. ताटली धरायचं काम आप्पांच्या नातवाने मागून घेतलं.

७ ऑक्टोबर

ताटली दिसली. दुपारपर्यंत फळ्या बसल्या, मध्ये माती ठासली. पाणी नितळ, वाहतं.

९ नोव्हेंबर

नऊ नंबर: पाणी २६ फुटांवर. मे महिन्यापेक्षा पंचवीस फूट वर. टीडीएस ३९०. लवणाच्या वाटेवरच्या पाच आणि आठ नंबरही भरल्या. चार नंबर हळूहळू ३१ वर आली. तिला पाणी चिकण मातीच्या खालून, वळसा घालून मिळत असावं. अकरा नंबर उतरणीला लागली.

मागल्या वर्षी मोजमाप नव्हतं, तेव्हा एवढा फरक फळ्यांमुळेच पडला असं म्हणता येणार नाही. पाऊसही बरा होता.

१८ जानेवारी

बंधाऱ्यातलं पाणी मागल्या वर्षीपेक्षा आधी आटतंय. गावात कुजबुज आहे की फळ्या उशिरा बसवल्याने पाणी कमी अडलं. लोकांना घेऊन नऊ नंबरवर गेले. २९ फूट. हरभऱ्याला आणि दादरला (रब्बी ज्वारीला) शेवटचं पाणी देऊन झालं तरी २९. तिथे उभं राहिल्यावर कोणी फारसं बोललं नाही.

२ मार्च

बंधारा कोरडा. पपडी आहेच, पण नखाएवढी. आप्पांच्या नातवाने ट्रॅक्टरला वखर जोडला आणि पात्रात उतरला. आधी पोरांनी फावड्याने वळणापाशी, जुन्या नदीच्या तोंडाजवळ, जेवढी पपडी सुटून आली तेवढी गोळा केली. ती तीन शेतकऱ्यांनी खत म्हणून नेली. मग उरलेल्या जागेवर दोन वेळा वखर फिरवला. नदीत वखर बघून आप्पांना हसू आवरेना, पण त्यांनी स्वतः खाली उतरून चार ढेकळं फोडली.

मग डबा ठोकला. दहा लिटर. साडेतीन मिनिटं.